शाळेचं विज्ञान आणि घरातला मोबाइल: इंदूरच्या गच्चीवर वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंदुरात मी अठ्ठावीस वर्षं शाळेत भौतिकशास्त्र शिकवलं, हिंदीतून. निवृत्त झाल्यावर रामबागेतल्या आमच्या गच्चीवर शनिवारी संध्याकाळी मुलं जमू लागली. सहावी ते दहावीची, बहुतेक मराठी घरांतली. मुलांमागोमाग त्यांच्या आया येतात, कधी आजोबा येतात, मधूनच एखादी नव्यानं नोकरीला लागलेली शिक्षिका येते. प्रश्न तेच ते असतात आणि उत्तरं देईपर्यंत माझा चहा गार होतो. म्हणून एकदाचं सगळं इथं लिहून ठेवलं आहे.

नेटवर विज्ञानाचं इतकं काही आहे की डोकं गरगरतं. सुरुवात कुठून करू?

पाठ्यपुस्तकापासून. हसू नका. एनसीईआरटीची पुस्तकं त्यांच्या संकेतस्थळावर धड्याधड्याच्या पीडीएफमध्ये फुकट मिळतात, हिंदीतही आणि इंग्रजीतही. सहावीचं विज्ञानाचं नवं पुस्तक २०२४ मध्ये आलं, सातवी-आठवीची २०२५ मध्ये. त्यामुळे मोठ्या दादाचं जुनं पुस्तक कपाटात असेल तर त्यावर विसंबू नका, धड्यांची मांडणीच बदलली आहे.

त्याच्या जोडीला महाराष्ट्राच्या बालभारतीचं त्या इयत्तेचं मराठी पुस्तक उतरवून घ्या. तेही ई-बालभारतीवर पीडीएफ म्हणून मिळतं. आपल्या मुलांना त्याची परीक्षा द्यायची नसते, हाच त्याचा मोठा फायदा. परीक्षा नसलेलं पुस्तक मूल निवांत वाचतं.

तिसरी गोष्ट म्हणजे फेटची सिम्युलेशन्स, म्हणजे पडद्यावर हाताळून बघायच्या विज्ञानाच्या प्रतिकृती, आणि चौथी अरविंद गुप्तांची खेळणी. दोन्हींबद्दल पुढे सांगते. एवढ्यावर एक सत्र आरामात निघतं. ज्या घरात मोबाइलवर विज्ञानाची पंधरा-वीस अ‍ॅप्स दिसली, त्या घरातल्या मुलाला त्यातल्या एकाचाही तिसरा धडा सांगता आलेला मी पाहिलेला नाही.

मुलगी हिंदी माध्यमात, पुतण्या इंग्रजी माध्यमात, घरी मराठी. मग व्हिडिओ कुठल्या भाषेतले दाखवायचे?

इंदूरच्या मराठी घरांचा खरा प्रश्न हाच आहे, आणि याचं उत्तर पुण्या-मुंबईच्या कुणालाही देता येणार नाही, कारण त्यांना ही अडचणच येत नाही.

गेल्या वर्षीची गोष्ट. नववीतल्या एका मुलीनं रसायनाचा छान मराठी व्हिडिओ पाहिला. पाण्याच्या एका रेणूत तीन अणू असतात, हे तिला पक्कं कळलं. परीक्षेत तिनं हिंदीत लिहिलं, 'जल में तीन अणु होते हैं'. गुण गेले. आई उत्तरपत्रिका घेऊन माझ्याकडे आली, मुलगी रडवेली. चूक कुणाचीच नव्हती. मराठीत अणू म्हणजे ज्याला हिंदीत परमाणु म्हणतात तो, आणि हिंदीतला अणु म्हणजे आपला रेणू. मराठीत अणुबॉम्ब, हिंदीत परमाणु बम. शब्द एकच, पण एका पायरीनं सरकलेला.

असे शब्द थोडे नाहीत. जीवशास्त्रात मराठी पेशी म्हणजे हिंदी कोशिका. हिंदीत पेशी म्हणाल तर तो आपला स्नायू. आणि हिंदीत स्नायु म्हणाल तर तो दोन हाडांना बांधून ठेवणारा पट्टा! तीन खुर्च्यांवर तिघं बसलेत आणि भाषा बदलली की प्रत्येक जण शेजारच्या खुर्चीवर. आपलं मूलद्रव्य तिकडे तत्व होतं, संयुगाचं यौगिक होतं, वस्तुमानाचं द्रव्यमान, बहिर्वक्र भिंगाचं उत्तल लेंस. ध्वनीच्या धड्यातली वारंवारता हिंदीत आवृत्ति असते. आपल्याकडे आवृत्ती पुस्तकाची निघते.

सगळ्यात घातक शब्द क्षार. मराठी पुस्तकात आम्ल आणि आम्लारी यांची अभिक्रिया होऊन क्षार तयार होतो. म्हणजे मीठ हा क्षार. हिंदी पुस्तकात मीठ हे लवण, आणि क्षार म्हणजे पाण्यात विरघळणारा क्षारक, म्हणजे आपला आम्लारी. एकाच शब्दाचा अर्थ पार उलट्या टोकाला गेला. हा गोंधळ मी स्वतः नोकरीच्या पहिल्या वर्षी वर्गात घातला होता, फळ्यावर, भर चाळीस मुलांपुढे.

म्हणून उत्तर असं: समजून घेताना मूल ज्या भाषेत भांडतं त्या भाषेतलं दाखवा. ते मराठी असेल तर मराठी, गल्लीतली हिंदी असेल तर हिंदी. लिहिताना मात्र शाळेच्या भाषेतली संज्ञा. मधला पूल म्हणून एक वही करा, तीन रकान्यांची: इंग्रजी, हिंदी, मराठी. धडा संपला की सात-आठ शब्द त्यात भरायचे. मराठी शब्दांसाठी बालभारतीची पुस्तकं आहेतच. शिवाय मराठी विश्वकोश आणि भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश, दोन्ही इंटरनेटवर फुकट पाहता येतात. विश्वकोशाची भाषा मुलांना जड जाते. ती मोठ्यांनी वाचावी आणि सोपी करून सांगावी.

व्हिडिओखाली आपोआप उमटणाऱ्या मराठी अनुवादावर मात्र भरवसा ठेवू नका. अणू आणि परमाणू त्यात वाट्टेल तसे मिसळलेले असतात.

फेट म्हणजे नक्की काय? आणि ते मराठीत खरंच आहे?

अमेरिकेतल्या कोलोराडो विद्यापीठाच्या बोल्डर इथल्या शाखेत २००२ मध्ये कार्ल वीमन यांनी हा प्रकल्प सुरू केला. वीमन यांना त्याच्या आदल्याच वर्षी भौतिकीचं नोबेल मिळालं होतं, बोस-आइनस्टाइन संघनितासाठी, म्हणजे अतिथंड अणूंच्या एका अवस्थेसाठी. त्यातले बोस म्हणजे आपले सत्येंद्रनाथ. असा माणूस शाळकरी मुलांसाठी पडद्यावरची खेळणी बनवायला बसला, याचं मला अजूनही अप्रूप वाटतं.

दीडशेहून जास्त सिम्युलेशन्स आहेत, सगळी फुकट, नाव नोंदवायचीही गरज नाही. बरीचशी मराठीत आली आहेत, सगळी नाहीत. सिम्युलेशनच्या पानावर अनुवादांची यादी असते, तिच्यात मराठी शोधा. नाही सापडलं तर हिंदी बघा, आणि तेही नसलं तर इंग्रजीतलं उघडा. बहुतेकांत शब्द इतके थोडे असतात की अडत नाही.

आमच्याकडे सगळ्यात चालतो तो विद्युत परिपथाचा संच. बॅटरी, तारा, बल्ब, कळ ओढून आणायची आणि जोडायची. एका शनिवारी सातवीतल्या एका पठ्ठ्यानं बल्ब वगैरे काही न घेता बॅटरीची दोन टोकं सरळ तारेनं जोडली. पडद्यावर भडका उडाला, ज्वाळाच. त्याचे आजोबा शेजारी बसले होते, ते दचकून म्हणाले, 'अरे, मेन बंद कर आधी!' पुढची वीस मिनिटं शॉर्ट सर्किट म्हणजे काय, फ्यूज कशासाठी असतो, एमसीबी का पडते, हे आजोबांनी त्याला शिकवलं. मी गप्प बसून शेव खाल्ली.

एक सावधगिरी. पडद्यावरचा बल्ब सहसा ओहमच्या नियमाला धरून शहाण्यासारखा वागतो. खऱ्या बल्बची तार तापली की तिचा रोध वाढतो, आलेख वाकतो. आठवीपर्यंत हे सांगायची गरज नाही. दहावीत सांगाच.

सिम्युलेशन पाहिलं म्हणजे प्रयोग झाला का?

नाही झाला. शाळेतल्या प्रयोगशाळेला कुलूप असतं आणि किल्ली कुणाकडे आहे हे कुणालाच माहीत नसतं, म्हणून पालक पडद्यावर समाधान मानतात. मला पटत नाही.

नववी ते बारावीसाठी ओलॅब्ज नावाचं चांगलं साधन आहे, अमृता विश्व विद्यापीठम आणि सी-डॅक यांनी केलेलं. अनुमापन, सूक्ष्मदर्शकाच्या काचपट्ट्या, व्हर्निअर कॅलिपर असं सगळं त्यात आहे: आधी सिद्धांत, मग कृती, मग करून बघायला प्रतिकृती, शेवटी प्रश्न. उद्या प्रॅक्टिकल असेल तर आज रात्री हे एकदा करून जावं. मग हातातलं ब्युरेट, म्हणजे थेंबथेंब द्रव सोडायची मापाची नळी, घाबरवत नाही. प्रयोगाच्या जागी मात्र ते बसत नाही.

लंबकाचं उदाहरण देते. पडद्यावर लंबक कसाही सोडा, आकडे चोख येतात. गच्चीवर आम्ही दोऱ्याला लोखंडी नट बांधला, एक मीटर लांबीचा लंबक केला आणि कपडे वाळत घालायच्या दोरीला टांगला. दहा आंदोलनांना वीस सेकंद यायला हवीत, आमची भलतीच आली. पुन्हा केलं, आता तिसराच आकडा. मुलं वैतागली. शेवटी एका मुलीच्या लक्षात आलं की नटाबरोबर वरची दोरीसुद्धा डुलते आहे. मग लंबक कठड्याच्या लोखंडी गजाला बांधला. वीस सेकंद आली, थोडं इकडेतिकडे. लांबी पाव मीटर केली तेव्हा सगळ्यांचा अंदाज होता की वेळही पाव होईल, म्हणजे पाच सेकंद. आली दहा. तिथं वर्गमूळ स्वतःहून दारात येऊन उभं राहिलं, मला फळ्यावर काढावं लागलं नाही. दोरी डुलते, हे कुठलंही सिम्युलेशन शिकवत नाही.

अरविंद गुप्तांचं नाव सगळे घेतात. त्यांच्या साइटवर नेमकं काय आहे?

टाकाऊ वस्तूंपासून बनवायच्या शेकडो खेळण्यांच्या कृती, फोटोंसह. छोट्या फिल्म्स, कितीतरी भारतीय भाषांत, मराठीतही. आणि हजारो पुस्तकं, सगळी मोफत. गुप्ता आयआयटी कानपूरचे इंजिनिअर. पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी बरीच वर्षं मुलांबरोबर काम केलं. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

पण या गोष्टीची सुरुवात आपल्या मध्य प्रदेशात आहे, आणि इंदूरच्या लोकांना ती माहीत नसते याची मला चुटपुट लागते. १९७२ मध्ये होशंगाबाद जिल्ह्यातल्या सोळा माध्यमिक, म्हणजे सहावी ते आठवीच्या, शाळांत किशोर भारती आणि रसूलियाचं फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन संस्थांनी विज्ञान शिकवण्याचा नवा कार्यक्रम सुरू केला. होशंगाबाद म्हणजे आताचं नर्मदापुरम. पाठांतर नाही, मुलांनी स्वतः प्रयोग करायचे, निरीक्षणं लिहायची आणि निष्कर्ष आपला आपण काढायचा. १९७८ मध्ये तो जिल्ह्यातल्या सगळ्या माध्यमिक शाळांत गेला. त्याच वर्षी गुप्ता नोकरीतून वर्षभराची रजा काढून तिथं आले. आठवडी बाजारात जे मिळेल त्यातून साधनं करायची होती. आगपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी यांचे सांगाडे त्यांनी तिथंच केले. १९८२ मध्ये एकलव्य ही संस्था उभी राहिली आणि कार्यक्रम आपल्या मालव्यातल्या काही शाळांपर्यंत पोचला. २००२ मध्ये राज्य सरकारनं तो बंद केला. त्या काळातली 'बाल वैज्ञानिक' ही पुस्तकं एकलव्यच्या साइटवर आजही मिळतात, सोप्या हिंदीत. शिक्षकांनी ती उघडून पाहावीत.

काड्यांचा सांगाडा घरी करायचा तर सायकल दुरुस्तीवाल्याकडून व्हॉल्व्ह ट्यूबचा हातभर तुकडा आणा. त्याचे बोटाच्या पेरापेक्षा लहान तुकडे कापा. काड्यांचं गुलाचं टोक ब्लेडनं खरवडून टाका, ते मोठ्यांनी करावं. तुकड्याच्या दोन्ही बाजूंनी काडी खुपसली की सांधा झाला. तीन काड्यांचा त्रिकोण करा आणि दाबा, हलत नाही. चार काड्यांचा चौकोन दाबा, लगेच तिरका पडतो. आता त्या तिरक्या चौकोनाचे समोरासमोरचे दोन कोपरे आणखी एका काडीनं जोडा. एका मुलानं हे केलं आणि विचारलं, 'काकू, म्हणून नर्मदेच्या पुलावर सगळे त्रिकोणच असतात का हो?'

पुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन केला की भलतंच काहीतरी उघडतं.

साध्या कॅमेऱ्यानं स्कॅन करत असाल. दीक्षा हे अ‍ॅप उघडून त्यातून करा. कोडच्या खाली सहा अक्षर-आकडे छापलेले असतात. पान मळलं असेल किंवा छपाई फिकी असेल तर ती सहा चिन्हं हातानं टाइप केली तरी चालतं. आणि अ‍ॅपमध्ये बोर्ड, माध्यम, इयत्ता नीट निवडली आहे ना, ते बघा. गंमत अशी की बोर्ड महाराष्ट्र आणि माध्यम मराठी निवडलं की तिकडचं सगळं मराठी साहित्य आपल्यालाही इंदुरात बसून दिसतं. दीक्षा २०१७ पासून आहे, शिक्षकांसाठीचे प्रशिक्षण वर्गही त्यावरच असतात.

घरात मोबाइल एकच, तोही बाबांबरोबर दुकानात जातो. नेटही पुरत नाही.

फेटची सिम्युलेशन्स उतरवून घेता येतात. मग ती नेटशिवाय, साध्या ब्राउझरमध्ये, जुन्या लॅपटॉपवरसुद्धा चालतात. पाठ्यपुस्तकांच्या पीडीएफ एकदाच उतरवायच्या. आमच्याकडे एका पेनड्राइव्हवर हे सगळं भरलेलं आहे आणि तो गल्लीभर फिरतो.

टीव्ही असेल तर पीएम ई-विद्याच्या वाहिन्या आहेत. २०२० मध्ये टाळेबंदीत सुरू झाल्या, प्रत्येक इयत्तेला एक अशा. डीडी फ्री डिशवर दिसतात, महिन्याचं रिचार्ज लागत नाही. शिकवणं थोडं संथ आहे. पण ठरलेल्या वेळी टीव्हीसमोर वही घेऊन बसायची सवय लागते, आणि टीव्हीवर दुसरं अ‍ॅप उघडता येत नाही, हे काय कमी आहे!

मी शिक्षिका आहे. वर्गात बेचाळीस मुलं, प्रोजेक्टर बंद, माझ्याकडे माझा एक फोन. काय करू?

फोन मुलांना दाखवायचा नाही, वापरायचा. जर्मनीतल्या आखेनच्या आरडब्ल्यूटीएच विद्यापीठानं केलेलं फायफॉक्स नावाचं मोफत अ‍ॅप आहे. फोनच्या आत त्वरण, दाब, चुंबकीय क्षेत्र, आवाज मोजणारे संवेदक असतात. हे अ‍ॅप त्यांचे आकडे समोर ठेवतं. म्हणजे फोन हेच प्रयोगशाळेतलं उपकरण.

ध्वनीचा वेग मोजा. दुसऱ्या शिक्षिकेचा फोन उसना घ्या. दोन्ही फोनवर आवाजानं सुरू-बंद होणारं घड्याळ लावा आणि ते पाच मीटर अंतरावर ठेवा. पहिल्या फोनपाशी उभ्या मुलीनं टाळी वाजवायची, दोन्ही घड्याळं सुरू होतात. दुसरं जरा उशिरा, कारण आवाजाला तिथं पोचायला वेळ लागतो. मग दुसऱ्या फोनपाशी उभ्या मुलानं टाळी वाजवायची, घड्याळं थांबतात, आता पहिलं जरा उशिरा. दोन्ही वेळांची वजाबाकी म्हणजे आवाजाला पाच मीटर जाऊन परत पाच मीटर यायला लागणारा वेळ, सुमारे ०.०२९ सेकंद. दहा मीटरला त्यानं भागा. आमच्या गच्चीवर पहिल्यांदा उत्तर आलं ३५८ मीटर प्रतिसेकंद. यायला हवं होतं ३४५च्या आसपास. फोन खरंच पाच मीटरवर होते का, ते मुलांनी पुन्हा मोजलं. दुसऱ्या वेळी रस्त्यावरून वरात गेली आणि घड्याळं स्वतःच सुरू-बंद होऊ लागली.

आणि पडदा मिळालाच कधी, तर एक नियम पाळा. कळ दाबण्याआधी थांबा. 'आता दुसरा बल्ब जोडते. पहिला मंद होईल, तसाच राहील की प्रखर होईल?' हात वर करायला लावा, फळ्यावर आकडे लिहा, मग दाबा. ज्यांनी पैज लावली आहे ती मुलं पडद्याकडे पाहतात. बाकीची खिडकीबाहेर.

यूट्यूबवरचे विज्ञानाचे प्रयोग खरे असतात का?

प्रयोग बहुधा खरा असतो, स्पष्टीकरण खोटं असू शकतं. ताटलीत पाणी, मध्ये पेटती मेणबत्ती, वरून उपडा ग्लास. मेणबत्ती विझते आणि पाणी ग्लासात चढतं. निम्मे व्हिडिओ सांगतात की ऑक्सिजन संपला, त्याची जागा पाण्यानं घेतली, म्हणून हवेत एकपंचमांश ऑक्सिजन असतो हे सिद्ध झालं. हे मलाही शाळेत असंच शिकवलं होतं.

तपासायला सोपं आहे. तोच ग्लास घ्या, पण एकाऐवजी तीन मेणबत्त्या लावा. हवा तेवढीच, ऑक्सिजन तेवढाच, तरी पाणी जास्त चढतं. कारण ज्वाळेनं हवा तापून फुगते, थोडी बाहेर निसटते, आणि मेणबत्ती विझल्यावर उरलेली थंड होऊन आकसते. नीट पाहिलंत तर पाणी मेणबत्ती विझल्यानंतर झपकन चढतं. ऑक्सिजन संपण्यामुळे चढत असतं, तर जळत असतानाच हळूहळू चढलं असतं. मुलांना असा एक खोटा खुलासा पकडू द्या, पुढचे ती स्वतः पकडतात.

आकाशदर्शनासाठी काय वापरावं?

स्टेलॅरियम. फुकट आहे, संगणकावर मराठीतही चालतं, इंदूर निवडलं की आज रात्रीचं आपलं आकाश समोर.

पण माझा जीव दिवसाच्या खगोलशास्त्रात. कर्कवृत्त उज्जैनच्या थोडं उत्तरेला आहे, आपण त्याच्या दक्षिणेला, सुमारे २२.७ अंशांवर. म्हणून वर्षातून दोनदा सूर्य बरोबर डोक्यावर येतो: जूनच्या पहिल्या आठवड्याच्या शेवटी आणि पुन्हा जुलैच्या पहिल्या आठवड्यात. जुलैत ढग असतात, तेव्हा जून गाठा. आणि घड्याळात बारा वाजता बाहेर येऊन निराश होऊ नका. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशावरची, आपण जवळजवळ ७५.९ वर. प्रत्येक अंशाला चार मिनिटं धरली की आपली खरी दुपार साधारण १२ वाजून २५ मिनिटांनी. स्टीलचा उंच डबा सपाट फरशीवर ठेवा. सावली डब्याच्या बुडाखाली जाते आणि डबा जमिनीवर चिकटवल्यासारखा दिसतो. सुट्टीत उज्जैनला सवाई जयसिंगाची वेधशाळा मुलांना दाखवून आणा, अठराव्या शतकातली. तिथलं सम्राट यंत्र म्हणजे भलं मोठं सावलीचं घड्याळ. सूर्याची चाल आधी घरी स्टेलॅरियमवर पाहून गेलात तर मुलं तिथं पाच मिनिटांत कंटाळत नाहीत.

पक्षी ओळखायला काय?

कॉर्नेल विद्यापीठाचं मर्लिन अ‍ॅप आवाजावरून पक्षी ओळखतं. सिरपूर तलावावर हिवाळ्यात पहाटे जा. सिरपूर आणि यशवंतसागर, दोन्ही २०२२ पासून रामसर स्थळं, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागा, आहेत. अ‍ॅपनं सांगितलेलं नाव दुर्बिणीतून पडताळून घ्या, कधीकधी तेही ठोकून देतं.

इंदुरात 'कॅट' आहे, त्याचा मुलांना काही उपयोग?

राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र, १९८४ सालचं. गावात अजून सगळे जुन्या इंग्रजी नावावरून कॅटच म्हणतात. इंडस-१ आणि इंडस-२ हे इलेक्ट्रॉन फिरवून तेजस्वी प्रारण मिळवणारे सिंक्रोट्रॉन तिथं आहेत. इंडस-२चा घेर १७२.५ मीटर. त्यांच्या साइटवरची आकृती मुलांना दाखवा आणि मग एवढा घेर मैदानावर चुन्यानं आखायला लावा, त्रिज्या काढता येते का पाहा. विज्ञान दिनाच्या, म्हणजे २८ फेब्रुवारीच्या, सुमारास विद्यार्थ्यांना केंद्र पाहायला मिळतं. शाळेनं आधी पत्रव्यवहार करावा लागतो.

पैसे भरून एखादं शिकवणीचं अ‍ॅप घ्यावं का?

माझं मत नको असं आहे. आमच्या शेजारच्यांनी दोन वर्षांची फी एकदम भरली, हप्त्यावर. मुलगा तीन आठवडे बसला. हप्ता चोवीस महिने गेला. वर दिलेलं सगळं फुकट आहे. ऑलिंपियाडची तयारी करायची असेल तर होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राच्या साइटवर जुन्या प्रश्नपत्रिका उत्तरांसह मिळतात, त्याही फुकट.

एआयला विचारलं तर?

विचारा, पण उत्तराला उलटतपासणी लावा. एकदा मुलांनी मराठीत विचारलं, क्षार म्हणजे काय. पहिल्या परिच्छेदात मराठी पुस्तकातला क्षार आला, दुसऱ्यात हिंदीतला, आणि तिसऱ्यात दोघांची अभिक्रिया! मुलांनी ती चूक शोधली तेव्हा मला तीन रकान्यांच्या वहीचे कष्ट वसूल झाल्यासारखे वाटले.

मी आजी आहे. सातवीपर्यंत शिकले. मला यातलं काय जमणार?

हा प्रश्न ज्यांनी विचारला त्या लोकमान्यनगरच्या आजी. त्यांना मी म्हटलं, पुढच्या शनिवारी हळद घेऊन या. त्या हळद घेऊन आल्या आणि न सांगता पदराखालून पापडखाराची पुडीही काढली. नातीनं मोबाइलवर दर्शकांचा धडा उघडला होता, लिटमस, फिनॉल्फ्थॅलिन. आजींनी टिपकागदावर हळदीचं पाणी पसरलं, वाळू दिलं, पापडखार पाण्यात कालवून बोटानं एक रेघ ओढली. पिवळ्यावर लालभडक. 'अगं, आमच्याकडे हळदीला चुना लावून कुंकू करायचे,' त्या म्हणाल्या, 'आणि याला खार का म्हणतात, तर हाच तो तुझा क्षार.' नातीनं वही काढली, मराठीचा रकाना पाहिला, हिंदीचा पाहिला, आणि आजीला विचारलं, 'पण मग यातला कुठला?' आजींनी लिंबू मागवलं. रेघेवर दोन थेंब पिळले. रेघ पुन्हा पिवळी झाली.